पैलवानाच्या पोटऱ्या

माझ्या भाच्याच्या पोटऱ्या आमच्या साऱ्या गोतात नावाजलेल्या होत्या. चार-पाच वर्षांचं पोर, पण गुडघ्याखालचे पाय असे की तालमीत घुमून आल्यासारखे. गोल, टणक, मागून पाहिलं तर एखाद्या तरण्या गड्याचे वाटावेत. आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, त्याला ओसरीवर उभा करायची आणि आल्यागेल्याला म्हणायची, "हात लावून बगा. लोणी न्हाई, लोखंड हाय." लोक दाबून बघायचे, मान डोलवायचे. एखादी म्हातारी म्हणायची, "दिष्ट काढीत जा गं बाई पोराची."

माझी थोरली बहीण, आमची आक्का, तेलगावकडे या आत्याच्याच घरात दिलेली आहे. आमच्यात भावाच्या मुलीवर बहिणीचा पहिला हक्क मानतात. आक्का पाळण्यात होती तेव्हाच आत्यानं तिच्या कपाळाला कुंकू लावून ठेवलं होतं. आमचं घर घाटनांदूरच्या बाजूला. थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. आत्याकडे विहिरीचं पाणी, ऊस, कापूस. आक्कानं नशीब काढलं असं सगळे म्हणायचे. त्यात दाजी, म्हणजे तिचे मालक, कुस्ती खेळलेले. त्यांचे कान मोडून भज्यांसारखे झाले होते, आणि जत्रेत फेटा काढून ते कान दाखवायची त्यांना हौस होती. अशा माणसाच्या पोटी अशा पोटऱ्यांचा मुलगा आला, तेव्हा त्यानं मनात काय काय बांधलं असेल ते सांगायला नको. पोराच्या खुराकासाठी वेगळी म्हैस आली. बदाम भिजू लागले.

पण पोर नीट चालत नव्हतं. ते चालायलाच उशिरा शिकलं होतं, आणि शिकल्यावरही पोट पुढं काढून, झुलत झुलत, टाचा न टेकवता चालायचं. धावलं की पडायचं. आणि पडल्यावर जे करायचं ते मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आजही माझ्या अंगाला ते पाठ आहे. आधी पालथं व्हायचं. मग हातापायांवर येऊन ढुंगण वर काढायचं. मग एक हात गुडघ्यावर ठेवायचं, दुसरा मांडीवर, आणि हात वर वर सरकवत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत असल्यासारखं, उभं राहायचं. उभं राहिलं की आमच्याकडे बघून हसायचं. गल्लीतली पोरं त्याला 'म्हातारबा' म्हणायची. आम्ही घरचेही हसायचो. त्यात वाईट काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

दाजींना वाटायचं, आळस आहे. "अंग हाय, जोम न्हाई," ते म्हणायचे. "बैठका मारल्या की येतो." सहा वर्षांचा होताच त्यांनी त्याला लहानसा लंगोट शिवून घेतला आणि तालमीत नेलं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. तांबड्या मातीत पोर बैठकीसाठी खाली बसलं आणि तसंच राहिलं. उठता येईना.

"ऊठ बे," दाजी म्हणाले. "पैलवान बसून ऱ्हातो व्हय?"

पोरानं आधी हसून बघितलं. मग मातीत हात टेकून आपल्या पद्धतीनं उठायला लागलं, तर दाजींनी त्याचे हात बाजूला केले. "हात न्हाई लावायचे. पायावर ऊठ. निस्त्या पायावर." ते पुन्हा बसलं. असं बराच वेळ चाललं. शेवटी पोर रडायला लागलं, तेव्हा दाजींनी त्याला खांद्यावर घेतलं आणि घरापर्यंत वाटेत त्याच्याशी कायबाय बोलत, त्याला हसवत आणलं. मारलं कधीच नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे झालं त्यावरून कुणाला दाजी कठोर वाटतील. पडेल तितक्या जास्त बैठका, इतकंच त्या माणसाला माहीत होतं. पोटऱ्या तर डोळ्यासमोर होत्या. एवढ्या भरीव पायात ताकद नाही यावर कोण विश्वास ठेवील?

मी तेव्हा हैदराबादला इंटर सायन्सला होतो. आमच्या गावातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि आमच्या घराण्यात तर अक्षर वाचणाराही पहिलाच. मी 'सायन्स' घेतलं आहे एवढं गावाला कळलं आणि त्या दिवसापासून मी 'डाक्टर' झालो. सुट्टीत आलो की लोक जीभ बाहेर काढून दाखवायचे. मी नाही म्हणून थकलो. आमच्या वर्गात तेव्हा बेडूक कापून त्याच्या पायाचे स्नायू शिकवत होते. मला त्यांची नावं उर्दूत आणि इंग्रजीत पाठ होती. त्या उन्हाळ्यात आक्का माहेरी आली होती. पोराला तेल चोळता चोळता ती म्हणाली, "तुमच्या पुस्तकात ह्याचं काय लिवलंय का?"

मी पोराचा पाय हातात घेतला. दाबून पाहिला. बेडकाच्या पायातलं सगळं मला येत होतं. या पायातलं काहीच कळेना.

"बघतो," मी म्हणालो.

त्याच्या आधी त्यांनी काही केलं नव्हतं असं नाही. मोमिनाबादच्या, आमच्या बोलीत आंब्याच्या, सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तिथं अशक्तपणा आहे म्हणून माशाचं तेल मिळालं. आत्यानं घरात मासळीचं तेल घेताना नाक मुरडलं, पण पाजलं. लोकांनी फार वाखाणल्यामुळे पोटऱ्यांनाच दृष्ट लागली असं ठरून दोन्ही पायांना काळे दोरे बांधले. पाहुणा आला की आता पोराला धोतराच्या घडीखाली पाय झाकून बसवायचे. ज्या पायांचं एवढं कौतुक, तेच लपवायची वेळ आली होती.

हैदराबादला आमच्या वसतिगृहात एक वरच्या वर्गातला विद्यार्थी होता. तो डॉक्टरीचं शिकत होता, आणि मराठवाड्यातलाच असल्यामुळे माझ्याशी मराठीत बोलायचा. त्याला मी भाच्याचं सांगितलं. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "नवरा-बायको नात्यातले?"

"आत्याचा मुलगा."

"झालं तर मग. एकाच रक्तात लग्नं करता आणि पोरं अशी झाली की देवाला नावं ठेवता. तुमच्या त्या आत्याला सांग जाऊन."

मला आठवतं, त्या क्षणी मला बरं वाटलं. कारण सापडलं असं वाटलं. आणि ते कारण रीत होती, आत्याचा हट्ट होता, पाळण्यातलं कुंकू होतं. ज्याच्यावर रागावता येईल असं काहीतरी होतं. मी पुष्कळ दिवस मनातल्या मनात आत्याशी भांडत होतो.

मग एकदा तोच मला त्याच्या दवाखान्यात, त्यांना शिकवणाऱ्या एका वयस्कर डॉक्टरसाहेबांकडे घेऊन गेला. साहेब दखनी उर्दू बोलायचे आणि कानडी माणसाशी कानडी. व्हरांड्यात उभे होते, जायच्या घाईत. मी सांगायला लागलो आणि अडखळलो. पोटऱ्या मोठ्या आहेत, पण चालता येत नाही, एवढंच माझ्या तोंडून दोन-तीनदा निघालं. साहेब म्हणाले, "उठता कैसा है?"

ते शब्दांत कसं सांगावं मला सुचेना. शेवटी मी तिथेच फरशीवर पालथा झालो. हातापायांवर आलो, ढुंगण वर काढलं, एक हात गुडघ्यावर ठेवला. माझा सोबती हसला. व्हरांड्यातले दोन रोगीही हसले. मी दुसरा हात मांडीवर ठेवला तेव्हा साहेब म्हणाले, "बस. उठो, बेटा." त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले.

"तुम्हारी माँ का कोई भाई? छुटपन में गुज़रा हुआ?"

मी नाही म्हणणार होतो. मग आठवलं. आईला एक थोरला भाऊ होता. मी त्याला पाहिलेलं नाही. लहानपणी त्यानं म्हसोबाच्या दगडावर पाय दिला म्हणून त्याचे पाय गेले, अशी गोष्ट आजोळी सांगत. तो बसून असायचा, आणि मिशी फुटायच्या आत गेला. ही गोष्ट आम्हाला देवस्थानात नीट वागावं म्हणून सांगितली जायची. मी ती साहेबांना सांगितली. ते म्हसोबाला हसले नाहीत. नुसती मान हलवली, जसं काही त्यांना हे आधीच ठाऊक होतं.

त्यांनी मग जे समजावलं ते मी जमेल तसं मांडतो. हा आजार फार थोड्या घरांत होतो. पोटरी फुगते, पण ती मांसानं नाही; आतला स्नायू झिजत जातो आणि त्याच्या जागी चरबी भरते. बाहेरून पैलवान, आतून रिकामा. तो आईकडून येतो. आईला स्वतःला काही होत नाही. तिच्या मुलांपैकी काहींना होतो, काहींना नाही. मुलींना होत नाही, पण त्यांच्यापैकी काहीजणी तो आपल्या पोटात पुढं नेतात. कोणती नेते आणि कोणती नाही, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. तिला मुलगा होऊन तो चालायला लागला, पडायला लागला, की मगच कळतं.

"आणि नात्यातलं लग्न?" मी विचारलं.

"इसमें उसका क़ुसूर नहीं. पराए घर में देते, तो भी यही होता."

माझ्या सोबत्यानं खाली पाहिलं. माझी आत्याशी चाललेली इतक्या दिवसांची भांडणं एकाएकी फुकट गेली. मी विचारलं, हे होतं तरी कशामुळे? साहेब म्हणाले, "रस्ता मालूम है. चीज़ मालूम नहीं." कोणत्या वाटेनं येतो ते कळलं आहे, जे येतं ते काय आहे हे अजून कुणाला कळलेलं नाही.

औषध नव्हतं. पोराला व्यायाम करायला लावून दमवू नका, पण अंथरुणातही टाकू नका, चालेल तोवर चालू द्या, एवढंच त्यांनी सांगितलं. दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत पाय थांबतील. त्यापुढचं मी विचारलं नाही. उठताना त्यांनी एकवार माझ्या पायांकडे पाहिलं. "तुम भी उसी माँ के बेटे हो," ते म्हणाले. "बच गए."

वसतिगृहाकडे परत चालत येताना मी माझ्या पायांकडे बघत होतो. त्यांनी काय केलं होतं म्हणून ते वाचले? काहीच नाही. मला आणखी एक गोष्ट तेव्हा सुचली आणि मी रस्त्यातच थांबलो. आक्का ही आईची एकटी मुलगी नव्हती. मला एक धाकटी बहीणही आहे.

सुट्टी लागली तसा मी घाटनांदूरच्या गाडीत बसलो. स्टेशनपासून गाव चालत. वाटभर ठरवत होतो की आधी काय सांगायचं. व्यायाम बंद करा, हे पहिलं. ते सोपं होतं. घरी पोचलो तर दारात आत्याच्या घरची छकडागाडी सोडलेली. आत्या, दाजी, आक्का, पोर, सगळे आले होते. आई चुलीपाशी होती आणि तिनं माझ्याकडे पाहिलं ते पाहूनच कळलं की काहीतरी चाललं आहे.

"आला गं बाई डाक्टर," आत्या म्हणाली. "वाळला किती! तुमच्या त्या निजामाच्या शहरात भाकरी मिळत न्हाई वाटतं?"

"मिळते, आत्या. पण भाताचीच माणसं लई."

"मग शिकून उपाशीच. बस. बरं झालं आलास. तुझ्या बापाला म्या तेच सांगायलेय. माझं घर हाय, विहीर हाय, आन् वारस बसून हाय." ती पोराकडे न बघता बोलत होती. ते खांबाला टेकून बसलं होतं, पायांवर धोतराची घडी. "आक्काला त्याच्यामागं एक लेकरू टिकंना. म्या तिला बोल लावीत न्हाई, माझ्या भावाचीच लेक हाय. पण दुसरं लगीन तर करावं लागंल. मंग परकी कावून आणायची? धाकटी हाय की घरात. बहिणी-बहिणी नांदतील. सवतीचा तरास न्हाई."

धाकटी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. ती तेव्हा लग्नाला आली होती, आमच्याकडच्या हिशोबानं थोडी उशिराच. मी तिच्याकडे पाहिलं. ती लाजली नाही, घाबरलीही नाही. तिचा या पोरावर जीव होता. ते माहेरी आलं की तिच्याच कडेवर असायचं. नंतर मला कळलं की तिला हे चालणार होतं. आक्काच्या घरात जायचं, पोराचं करायचं, यात तिला वाईट असं काही दिसत नव्हतं.

वडील म्हणाले, "घरातल्या घरात हाय. माझी ना कशाला आसंल?"

दाजी बाहेर बैलांना कडबा टाकत होते. मी त्यांच्याकडे गेलो आणि तालमीचं सांगितलं: व्यायाम बंद करायला हवा, त्यानं स्नायू झिजतात, हैदराबादच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्यांनी कडब्याची पेंढी हातातच धरली.

"म्हंजी म्या बैठका मारायला लावल्या, त्यानं झालं?"

"न्हाई, दाजी. ते व्हायचंच होतं. पण आता नको."

त्यांनी पेंढी बैलांपुढं टाकली. मग म्हणाले, "काय बे डाक्टर, एवढं शिकलास, आन् आणलंस काय? 'नको' आणलास." ते हसत होते, पण डोळे हसत नव्हते. "मला दुसरी नको हाय. आईला सांगून बघितलं. ती ऐकती का? तूच बघ." मी काय बघणार होतो? त्यांना सांगावं, की दोष तुमच्या घरात नाही, आमच्या घरात आहे? सांगितलं तर आत्या उद्याच आक्काला परत पाठवील, आणि धाकटीला गोतात कुणी करून घेणार नाही. न सांगावं, तर धाकटी त्याच घरात जाईल, आणि तिचा मुलगा चालायला लागण्याची वाट सगळे बघत बसतील. पडला, तर तेव्हा दोन बहिणी एकाच ओसरीवर बसून एकमेकींच्या तोंडाकडे बघतील. पडेलच असंही नव्हतं. हे सगळ्यांत वाईट. खात्रीनं सांगता येण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आणि वडील गावात पाहुण्यांकडे गेले होते. आई आणि आक्का परसात जोंधळे पाखडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही, पुष्कळ फिरून फिरून सांगितलं असणार, कारण मध्येच आक्का म्हणाली, "सरळ बोल की रं."

मी सरळ बोललो.

आईच्या हातातलं सूप थांबलं. तिनं पहिल्यांदा विचारलं ते आपल्या भावाबद्दल. "म्हंजी त्यानं म्हसोबाला पाय लावला न्हवता?"

"लावला आसंल. पण त्यानं झालं न्हाई."

"माझ्या आईनं त्या दगडाफुडं किती नाक घासलं..." ती एकदम माझ्याकडे वळली. "म्हंजी माझ्या पोटातनं आलं. आक्कात आलं, तिच्यातनं लेकरात."

मी म्हणालो, तुझा काही दोष नाही, तुला ठाऊकही नव्हतं, डॉक्टरांनाही ते काय आहे हे ठाऊक नाही. हे सगळं खरं होतं. पण आईनं जे वाक्य म्हटलं होतं तेही खरं होतं, आणि ते माझ्यापेक्षा सोपं होतं. तिनं सुपातले जोंधळे परत पाटीत ओतले आणि पुन्हा सुपात घेतले.

आक्का रडली नाही. तिनं दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, "आत्याच्या घरात दिल्यानं न्हाई झालं?"

"न्हाई."

"आन् धाकटीत हाय?"

"ठाऊक न्हाई. आसंल किंवा नसंल. कळायला मार्ग न्हाई."

"मोठ्या डाक्टरला बी?"

"त्यांना बी."

ती उठली, पदराला हात पुसले. "तुझ्या दाजींना सांगू नको. कुणालाच नको," एवढं म्हणाली आणि आत गेली. आई म्हणाली, "मंग धाकटीला नको कावून म्हणायचं? काय कारण सांगायचं?"

दुपारी सगळे जेवायला बसले असताना आक्कानंच तो विषय काढला. ती वाढत होती. आत्याच्या ताटात भाकरी ठेवता ठेवता म्हणाली, "आत्या, लगीन करा त्यांचं. माझी ना न्हाई. पण धाकटी नको. बाहेरची आणा."

आत्याचा घास हातातच राहिला. "परकी सवत चालंल तुला?"

"चालंल."

"आन् सख्खी बहीण न्हाई चालत?"

"न्हाई."

वडिलांनी ताटावरून हात काढला. "काय बोलतीस गं? तुझ्या लेकराला सख्खी मावशी बगंल का परकी बाई?"

"मला माझ्या बहिणीला माझ्या नवऱ्याच्या घरात बगायचं न्हाई," आक्का म्हणाली. प्रत्येक शब्द स्पष्ट होता.

आत्या मोठ्यानं हसली. "आगं बया! हे हाय व्हय? परकीचा तरास चालंल, पर बहिणीचं रूप न्हाई चालायचं. अशी बी बाई आसती!" दाजी खाली मान घालून जेवत होते. वडील म्हणाले, मत्सर सख्ख्याला पहिला खातो म्हणतात ते खोटं नाही. आणखीही बोलले. आक्का ऐकत होती आणि वाढत होती. मी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं असं होतं की मी घास घेतला. आई चुलीकडे तोंड करून बसली होती.

दारात धाकटी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती मागं वळून परसात निघून गेली.

मेंढरांत एखादी मेंढी पिलाला पाजेनाशी झाली तर आम्ही तिचे पाय धरतो, पिलू तिच्या आचळाला लावतो, काहीतरी करतो. त्या दुपारी मी जेवलो. एवढंच केलं.

दाजींचं दुसरं लग्न झालं. मुलगी परळीकडची होती, गरीब घरची, फार बोलत नसे. मी लग्नाला गेलो होतो. आक्कानंच तिला ओवाळून घरात घेतलं आणि बायका आपसांत म्हणाल्या, बघा, परकीला कशी ओवाळती. पुढं त्या बाईला मुलगा झाला. तो वेळेवर उभा राहिला, वेळेवर पळाला, आणि त्याच्या पोटऱ्या काडीसारख्या आहेत. आत्या म्हणते, कुशीकुशीत फरक असतो, आक्काची कूसच खोटी. साहेबांनी सांगितलं होतं तसंच सगळं झालं. पण त्यांचं खरं झालं ते आत्याचं खरं म्हणून गावभर फिरलं.

भाचा आता चालत नाही. आक्का त्याला न्हाऊ घालते, उचलून ओसरीवर आणून बसवते. डोकं चलाख आहे. मोडी आणि बाळबोध दोन्ही वाचतो, आणि मी गेलो की मला हिशेबाची कोडी घालतो. मला ती लवकर सुटत नाहीत. "मामा, तुमाला कालिजात काय शिकीवत्यात?" असं म्हणून तो हसतो. दाजी संध्याकाळी त्याला खांद्यावर घेऊन मळ्यात नेतात. तालमीत ते स्वतःही जात नाहीत.

त्या दुपारनंतर धाकटी आक्काशी बोलली नाही. आक्का माहेरी आली की ही शेतात जायची. पोराला मात्र जवळ घ्यायची, पण त्याची आई खोलीत नसताना. मी आईला दोन-तीनदा म्हणालो की तिला सांगू या. आई म्हणायची, "सांगून काय हुईल? आत्ता आक्कावर राग हाय. मंग सोताच्या पोटाची भीती आसंल. राग बरा." मी पुष्कळ विचार केला आहे. आई चूक आहे असं मला म्हणता येत नाही. बरोबर आहे असंही वाटत नाही. आता मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रक्ताबद्दल, पेशींबद्दल बरंच शिकलो. जिथं जिथं या आजाराचा उल्लेख मिळेल तिथं वाचला. साहेब व्हरांड्यात जे बोलले त्याच्या पुढं कुणी गेलेलं नाही.

या वर्षी धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा गोतातला नाही, नात्यातलाही नाही. वडिलांना ते जरा खटकलंच. हळदीच्या दिवशी घर भरलं होतं. आक्का पोराला घेऊन आदल्या दिवशीच आली होती आणि स्वयंपाकघरात राबत होती. हळद लागल्यावर धाकटी परसात हात वाळवत एकटी उभी होती. मी तिथून चाललो होतो. तिनं मला थांबवलं.

"दादा, एक इचारू? तुला ठाऊक हाय. आईला बी ठाऊक हाय. तुमी तिगं त्या सकाळी जोंधळ्यापाशी बसला व्हता, म्या बगितलं व्हतं." ती माझ्याकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. "आक्कानं मला नको कावून म्हणलं?"

मी उभा राहिलो. हळदीच्या दिवशी कुणाला काय सांगावं? तिचा मुलगा कदाचित धावेल, उड्या मारेल, आणि मी फुकट तिच्या सगळ्या बाळंतपणांत भीती घालून ठेवलेली असेल. कदाचित धावणार नाही, आणि मला ठाऊक होतं हे तिला त्या दिवशी कळेल.

"आक्काचा तुझ्यावर राग न्हवता," मी म्हणालो. "कदीच न्हवता."

"हे म्या इचारलं न्हाई."

मांडवात वाजंत्री सुरू झाली. ओसरीवरून पोराची हाक आली: मला तिकडं तोंड करून बसवा, मला वाजवणारे दिसत न्हाईत. आक्का आत हात पिठात घालून होती, दाजी बाहेर गेले होते. मी पळतच गेलो आणि त्याला काखेत धरून उचलू लागलो. त्याची मान मागं गेली, पाय घसरले, तो "आई गं" म्हणाला.

"सोड, तुला धरता येत न्हाई," धाकटी मागून म्हणाली. तिनं मला बाजूला सारलं, एक हात त्याच्या पाठीमागून घातला, दुसरा गुडघ्यांखालून, आणि त्याला अलगद मांडवाकडे वळवून खांबाला टेकवलं. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर तिच्या हळदीचे हात उमटले. आक्का पिठाच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, पोराच्या पाठीमागं उशी सरकवली, आणि तिच्याशी काही न बोलता त्याच्या शेजारी बसून राहिली.